आधी पाठ, मग चित्र: शंभर वर्षांपूर्वीची सणकार्डे, थट्टा आणि जाहिराती

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या बहिणीने एका जुन्या घराच्या सामानविक्रीतून एक डबा घेतला आणि सुट्टीत येताना पुण्याला आणला. त्यात ख्रिसमस, नववर्ष, हॅलोविन आणि थँक्सगिव्हिंगची रंगीत पोस्टकार्डे आहेत, काही निव्वळ थट्टेची कार्डे आहेत, पाठीवर कॉफीची जाहिरात असलेली लहान चित्रे आहेत आणि मासिकांतून फाडलेली काही पाने आहेत. ही कधीची? अमेरिकन सणांच्या कार्डांवर जर्मनीचे नाव का? थट्टा कळत का नाही? काही चित्रे सरळ अपमानकारक आहेत, त्यांचे काय करायचे? खरी की नक्कल, किंमत किती आणि पावसाळ्यात सांभाळायची कशी?

जुन्या छापील कागदांची नोंद करणे हेच माझे काम आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. सुरुवातीलाच एक विनंती करतो. डबा उघडल्यावर शुभेच्छा एकीकडे, विनोद दुसरीकडे, जाहिराती तिसरीकडे असे गठ्ठे करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. ज्या क्रमाने कागद डब्यात आहेत त्याच क्रमाने त्यांचे फोटो काढा, पुढून आणि मागून दोन्ही. हा क्रम कुणीतरी लावलेला असू शकतो. दुसरे असे की, हे तीन प्रकार त्या काळात वेगळे नव्हतेच. एकाच छापखान्यात, एकाच चित्रकाराच्या हातून, एकाच आठवड्यात तिन्ही बाहेर पडत. हे ध्यानात घेतले की डब्यातले निम्मे कोडे सुटते.

न्यूयॉर्कमध्ये ह्यूस्टन स्ट्रीट आणि लाफायेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लाल विटांची 'पक बिल्डिंग' आजही उभी आहे. ती १८८५-८६ मध्ये बांधली गेली. 'पक' हे त्या काळातले गाजलेले राजकीय विनोदाचे साप्ताहिक. जोसेफ केप्लर या व्हिएन्नाहून आलेल्या चित्रकाराने ते आधी जर्मन भाषेत काढले आणि १८७७ पासून इंग्रजीत. त्याच इमारतीत ऑटमन लिथोग्राफिंग कंपनीचा छापखाना होता. लिथोग्राफी म्हणजे शिळाछाप, दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छापायची पद्धत. पकच्या मधल्या जोडपानावरचे राजकारण्यांचे रंगीत वाभाडे आणि दुकानदारांच्या जाहिरातींची रंगीत चित्रे छापणारे कारागीर एका छपराखाली काम करत. यंत्र बसवायला आणि दगड तयार करायला लागलेला पैसा वसूल व्हायचा तर ते रिकामे राहून चालत नाही. आज व्यंगचित्र, उद्या साबणाचे लेबल, ऑगस्ट-सप्टेंबर आला की ख्रिसमसचे काम. सणांची कार्डे हा छापखान्याचा हंगामी धंदा होता.

आता काळ. चित्रातले कपडे, टोप्या, मोटारी पाहून अंदाज बांधू नका, कारण एकच चित्र वर्षानुवर्षे पुन्हा छापले जाई. कार्ड उलटे करा. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर 'प्रायव्हेट मेलिंग कार्ड' असे शब्द आणि १९ मे १८९८ च्या कायद्याचा उल्लेख असेल, तर ते १८९८ ते १९०१ या काळातले. त्या कायद्याआधी खासगी छापखान्याच्या कार्डाला दोन सेंटचे तिकीट लागे, सरकारी कार्डाला एक. कायद्याने दोघांना एकच सेंट केला आणि धंद्याचे दार उघडले. डिसेंबर १९०१ पासून खासगी कार्डावर नुसते 'पोस्ट कार्ड' छापायची मुभा मिळाली. पण मजकुराची अडचण तशीच राहिली. पाठीवर फक्त पत्ता लिहायचा, बाकी एक अक्षर नाही. म्हणून त्या वर्षांतल्या कार्डांवर चित्राच्या कडेला, आभाळात, बाईच्या पदरावर म्हणावे तसे झग्याच्या घेरावर, बारीक अक्षरात मजकूर कोंबलेला दिसतो. पुष्कळ जण त्याला खराबी समजतात. ती खराबी नव्हे, काळाचा पुरावा आहे.

१ मार्च १९०७ पासून अमेरिकेत पाठीच्या मधोमध उभी रेघ आली: उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. इंग्लंडने हे १९०२ मध्येच केले होते आणि जर्मनीने १९०५ मध्ये, त्यामुळे इंग्लिश किंवा जर्मन कार्ड असेल तर हिशेब थोडा मागे सरकवा. या एका रेघेने पुढची बाजू चित्रासाठी पूर्ण मोकळी झाली आणि लोकांनी अक्षरशः वेड लागल्यासारखी कार्डे पाठवली. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकन टपालातून ६७ कोटी ७० लाखांहून अधिक पोस्टकार्डे गेली. तेव्हा देशाची लोकसंख्या नऊ कोटींच्याही आत होती. खेडोपाडी घरपोच टपाल १९०२ मध्ये कायम झाले होते, हेही त्यामागचे मोठे कारण. शेतावर राहणाऱ्या बाईला आता गावात न जाता दारात कार्ड मिळू लागले. तुमच्या डब्यातला मोठा भाग बहुधा १९०७ ते १९१४ या काळातलाच निघेल.

चित्राभोवती पांढरी किनार असेल तर साधारण १९१५ नंतरचे समजा. कागदाला कापडासारखी वीण दिसली तर १९३० नंतरचे. आणि पोस्टाचा शिक्का वाचता आला तर प्रश्नच मिटला, फक्त एवढे लक्षात ठेवा की शिक्का कार्ड टाकल्याची तारीख सांगतो, छापल्याची नाही. दुकानदार उरलेला माल दोन-तीन वर्षे विकत. तिकिटाच्या किमतीचाही आधार घ्या: नोव्हेंबर १९१७ पासून जून १९१९ अखेरपर्यंत कार्डाला युद्धामुळे दोन सेंट पडत. शिक्का पुसट आणि दोन सेंटचे तिकीट असेल, तर आधी ही दीड वर्षे तपासून पाहावीत.

जर्मनीचे नाव का, हे आता पाहू. शिळाछापाची कला म्युनिकमध्ये अलोइस झेनेफेल्डरने १८ व्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली आणि तिला लागणारा बारीक पोताचा चुनखडीचा दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतून निघे. शंभर वर्षांत बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन भागात या कामाचे कसलेले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. रंगीत कार्डाला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे. चांगल्या कार्डाला आठ, दहा, बारा रंग. मूळ चित्र पाहून कोणत्या दगडावर किती ठिपके द्यायचे हे कारागीर हाताने ठरवत असे. मग सोनेरी शाई, मग धातूच्या साच्यात दाबून उठाव. इतके सगळे करून, समुद्र ओलांडूनही ते कार्ड अमेरिकेत एक-दोन सेंटला किरकोळीत विकता येई. अमेरिकन छापखान्यांना तो दर परवडत नव्हता. बोस्टनच्या लुई प्रँगने १८७० च्या दशकात अमेरिकेत ख्रिसमस कार्डांचा धंदा उभा केला, कलेच्या दृष्टीने फार उंचीवर नेला, आणि पुढे याच स्वस्त आयातीपुढे त्याला तो आवरता घ्यावा लागला.

आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा अमेरिकन जकातीचा नियम १८९० पासून होता. म्हणून ते बारीक 'प्रिंटेड इन जर्मनी'. कधी 'सॅक्सनी', कधी 'बव्हेरिया' असेही दिसेल. पत्त्यांतल्या चौकटसारख्या, टोकावर उभ्या चौकोनात 'पी एफ बी' ही अक्षरे दिसली तर ते बर्लिनच्या पाउल फिंकेनराथचे काम. उठाव इतका खोल आणि रंग इतके जिवंत की अशा कार्डावर बोट फिरवल्याशिवाय राहवत नाही (फिरवू नका). यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की बर्लिनमधल्या ज्या कामगाराने थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीचा टर्की पक्षी, हॅलोविनचा भोपळा आणि ४ जुलैचे, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यदिनाचे, फटाके रंगवले, त्याच्या घरी यातला एकही सण नव्हता. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडून आराखडा यायचा आणि तो कारागीर परक्याच्या सणात जीव ओतायचा.

जर्मन कार्डांचा हा धंदा दोन टप्प्यांत मोडला. ऑगस्ट १९०९ मध्ये पेन-ऑल्ड्रिच जकात कायद्याने आयात कार्डांवरचा कर वाढला. तो लागू होण्याआधी घाऊक व्यापाऱ्यांनी गोदामे भरून माल मागवून ठेवला, मग त्या मालाचाच पूर आला आणि भाव कोसळले. अनेक दुकानदार यात बुडाले. उरलेले काम १९१४ च्या युद्धाने केले. मालच यायचा बंद झाला. दरम्यान कॅन्सस सिटीत जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा १९१० मध्ये पोस्टकार्डांनी भरलेले दोन बुटांचे खोके घेऊन उतरला होता. कार्डांचा जोर ओसरतोय हे त्याने लवकर ओळखले आणि पाकिटात घालून पाठवायच्या घडीच्या कार्डांकडे वळला. १९१५ च्या जानेवारीत आगीत सगळा साठा जळाला, तरी त्याने स्वतःची छपाई सुरू केली. पुढे ती कंपनी 'हॉलमार्क' म्हणून जगाला माहीत झाली. तुमच्या डब्यात पाकिटातली घडीची कार्डे असतील तर ती बहुतेक या वळणानंतरची आहेत.

आता थट्टा. ती कळत नाही याचे कारण भाषा क्वचितच असते. कार्डावरचे इंग्रजी सोपे असते, हुकतो तो संदर्भ. हॅलोविनचेच घ्या. तुमच्या डब्यात न्यूयॉर्कच्या जॉन विंशच्या नावाची हॅलोविन कार्डे आहेत का ते बघा. प्रकाशकाचे नाव आणि सालासह स्वामित्वाची ओळ बारीक अक्षरात छापलेली असते. त्या काळातले एक नेहमीचे चित्र सांगतो: अंधाऱ्या खोलीत एक तरुणी, हातात पेटलेली मेणबत्ती, समोर आरसा, आणि आरशात तिच्या खांद्यामागे एका तरुणाचा चेहरा. भुताचे कार्ड असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते लग्नाचे कार्ड आहे. स्कॉटलंड-आयर्लंडमधून आलेली समजूत अशी होती की त्या रात्री बारा वाजता आरशात पाहिले तर होणारा नवरा दिसतो. सफरचंदाचे साल न तोडता सोलून खांद्यावरून मागे टाकायचे आणि जमिनीवर त्याचे जे अक्षर होईल ते त्याच्या नावाचे पहिले अक्षर, हाही त्यातलाच खेळ. त्यामुळे तेव्हाचे हॅलोविन मुलांच्या चॉकलेटांपेक्षा उपवर मुला-मुलींच्या चेष्टामस्करीचे होते, आणि कार्डावरचे मांजर व भोपळे हे त्या चेष्टेचे साक्षीदार.

याच पठडीतली १९०८ आणि १९१२ या लीप वर्षांची कार्डे असतात. लीप वर्षात बाईने पुरुषाला मागणी घालायची मुभा, असा जुना संकेत होता. मग कार्डावर जाळी, सापळे, गळ घेऊन अविवाहित पुरुषांमागे धावणाऱ्या बायका. वरवर हलकेफुलके. पण त्याच वर्षांत स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ जोर धरत होती, आणि न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वाइलर कंपनीने १९०९ मध्ये काढलेली बारा कार्डांची मालिका पाहिली की या हसण्याखालची भीती स्पष्ट दिसते. त्यात बाप मूल सांभाळतो, बायको मतदानाला, आणि बापाच्या डोक्यामागे मेरी मातेसारखे तेजोवलय. ही मालिका आज अभ्यासक शोधत असतात. डब्यात एखादे निघाले तर जपून ठेवा.

नववर्षाच्या कार्डावर सोन्याची नाणी उधळणारी डुकरे दिसली तर दचकू नका. जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांत डुक्कर, चार पानांचे क्लोव्हर, लाल टोपीचे अळंबे आणि धुराडे साफ करणारा माणूस ही सगळी शुभचिन्हे. आपल्याकडे कार्डावर गणपती-कलश यावेत तितकी सहज. फ्रान्सहून आलेल्या कार्डावर मासा असेल तर ते १ एप्रिलचे, म्हणजे एप्रिल फूलचे. व्हिएन्नाकडच्या लाल कार्डावर शिंगे, लांब जीभ आणि पाठीवर टोपली असलेला राक्षस असेल तर तो क्राम्पुस, संत निकोलसचा सोबती, खोडकर मुलांना शिक्षा करणारा. ही कार्डे ५ डिसेंबरच्या सुमारास पाठवत.

डब्यात एखादे काळे-पांढरे फोटोकार्ड असेल, ज्यात घोडागाडीवर एकच अवाढव्य बटाटा किंवा ओंडक्याएवढे मक्याचे कणीस आहे, तर तो कॅन्ससच्या ओटावा गावच्या विल्यम मार्टिनचा प्रकार. १९०८ च्या आसपास त्याने फोटो कात्रीने कापून, दुसऱ्या फोटोवर चिकटवून, त्याचा पुन्हा फोटो घेऊन ही कार्डे काढायला सुरुवात केली. त्या पठारी प्रदेशात जमीन विकणारे दलाल आणि रेल्वे कंपन्या शेतकऱ्यांना सोन्यासारख्या पिकाची स्वप्ने दाखवून आणत होत्या, आणि वाट्याला दुष्काळ आणि टोळधाडही येत होती. शेतकरी हे कार्ड पूर्वेकडच्या नातेवाइकांना पाठवून म्हणायचा, बघा आमच्याकडे काय पिकते. माझ्या मते त्या काळच्या सगळ्या छापील विनोदात हा सर्वांत निर्मळ विनोद आहे, कारण त्यात दुसऱ्या कुणाला खाली पाडलेले नाही. अशा फोटोकार्डाच्या पाठीवर तिकिटाच्या जागी 'अझो' ही अक्षरे आणि चार कोपऱ्यांत वर टोक असलेले त्रिकोण असतील, तर तो फोटोकागद साधारण १९०४ ते १९१८ मधला.

सगळीच थट्टा अशी नव्हती. व्हॅलेंटाइनची म्हणून छापलेली पातळ, भडक रंगाची, एकतर्फी पाने सापडली, ज्यात एखाद्या कंजूष दुकानदाराचे किंवा नटव्या बाईचे विद्रूप चित्र आणि खाली चार ओळींचे टोचणारे पद्य आहे, तर ती प्रेमाने पाठवलेली नाहीत. अशी पाने लोक मुद्दाम, निनावी, दुखवायलाच पाठवत. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफलिन ब्रदर्ससारखे मुलांची सुंदर पुस्तके काढणारे प्रकाशकही ती छापत. ज्यांना ती आली त्यांनी बहुधा फाडून टाकली, म्हणूनच आज ती तुलनेने कमी मिळतात.

पाठीवर जाहिरात असलेली लहान चित्रे ही वेगळ्या पिढीची आहेत. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्यांची लाट आली आणि १८८० च्या दशकात ती शिगेला पोचली. म्हणजे तुमच्या डब्यातले सर्वांत जुने कागद बहुधा हेच. छापखाना आकर्षक चित्रांचे गठ्ठे काढून ठेवी, एक जागा कोरी सोडून, आणि गावोगावचे दुकानदार तिथे आपले नाव छापून घेत. म्हणून एकाच मांजराच्या चित्रावर एका गावात चांभाराचे नाव आणि दुसऱ्या गावात वाण्याचे. कॉफीची म्हणता ती आरबकल कंपनीची असावीत. त्यांच्या 'अरिओसा' कॉफीच्या पुड्यात देशोदेशींची चित्रे, नकाशे, पाककृती अशा मालिका येत आणि मुले संच पुरे करण्यासाठी आईकडे तीच कॉफी मागत. काही चित्रांना घडी असते: दुमडलेली असताना माणूस रडवा, उघडल्यावर हसरा, मधे काय घडले तर त्याने अमुक साबण वापरला. घडी वारंवार उघडझाप करू नका, तिथेच कागद तुटतो. मासिके १८९३ पासून दहा सेंटला मिळू लागली, जाहिरातदार तिकडे गेले, आणि शतक पालटताना ही चित्रे मागे पडली.

सर्वांत गोजिरवाण्या चित्राची पाठ सर्वांत काळजीपूर्वक वाचा. आई, मांडीवर झोपलेले बाळ, मऊ गुलाबी रंग, आणि मागे 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'. दात येताना रडणाऱ्या बाळांना देण्याच्या त्या औषधात मॉर्फिन होते. बाळ शांत झोपे, आणि काही पुन्हा उठत नसत. कोलियर्स साप्ताहिकाने १९०५ मध्ये अशा औषधांवर लेखमाला चालवली, १९०६ च्या कायद्याने मॉर्फिन, अफू, कोकेन, मद्य असेल तर लेबलावर सांगणे बंधनकारक झाले. या चित्रापुढे मी अजूनही थांबतो. रंगांची इतकी माया आणि तिच्या पाठीला ते विष.

तिन्ही प्रकार एकाच हातात कसे होते हे एका माणसात पाहायचे तर रोज ओनील या चित्रकर्तीकडे पाहा. १८९७ पासून ती पकसाठी विनोदी चित्रे काढत होती, पुरुषांनी भरलेल्या त्या कचेरीत. जेल-ओ या जेलीच्या जाहिराती तिने केल्या. डिसेंबर १९०९ मध्ये लेडीज होम जर्नल या मासिकात तिची 'क्यूपी' बाळे आली, गुबगुबीत, डोक्यावर एक बट, आणि काही वर्षांत ती बाहुल्या, ख्रिसमस कार्डे, मिठायांचे डबे सगळीकडे पोचली. १९१५ मध्ये तीच बाळे आपल्या आयांना मताधिकार द्या म्हणत कार्डावर उभी राहिली. डन्स्टन-वाइलरच्या कार्डांना दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. मासिकांच्या पानांत तिची सही शोधा. तसाच चित्रकार जे. सी. लायनडेकर: शर्टाच्या ॲरो कॉलरच्या जाहिरातीतला देखणा पुरुष त्याचा, आणि सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकाच्या नववर्षाच्या मुखपृष्ठावर १९०७ पासून १९४३ पर्यंत येत राहिलेले बाळही त्याचेच. रिचर्ड औटकॉल्टने आपल्या 'बस्टर ब्राउन' या चित्रमालिकेतल्या खोडकर मुलाचे हक्क १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनाच्या सुमारास कितीतरी कंपन्यांना विकले. बूट विकणाऱ्या कंपनीने ते नाव पुढे कित्येक दशके चालवले.

सांताच्या कपड्यांबद्दल नक्की कुणीतरी तुम्हाला सांगेल की लाल सांता कोका-कोलाने बनवला. ते खरे नाही. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लोमने सांता रंगवला तो १९३१ पासून. पकच्या १९०२ च्या ख्रिसमस मुखपृष्ठावर फ्रँक नॅनकिव्हेलचा सांता लाल कपड्यांत, पांढऱ्या दाढीत आहेच. पण तेव्हा लाल हा एकमेव रंग नव्हता. जर्मन कार्डांवर तो हिरव्या, निळ्या, तपकिरी, जांभळ्या झग्यात, उंच आणि सडपातळ, संताच्या थाटात येतो. तुमच्याकडे असे रंग असतील तर ते वेगळे काढून ठेवा, संग्राहक लालपेक्षा त्यांनाच जास्त विचारतात.

अपमानकारक चित्रांचा प्रश्न तुम्ही संकोचाने विचारलात. आयरिश माणूस माकडासारखा, काळी मुले टरबूज खाताना, ज्यू व्यापारी मोठ्या नाकाचा, चिनी धोबी लांब वेणीचा. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली, आणि १८८६ च्या सुमाराला इलिनॉयच्या एका कपडे धुण्याच्या रसायनाच्या जाहिरातीत अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, चिनी माणसाला लाथ मारून देशाबाहेर हाकलताना दाखवला. म्हणजे धुण्याचे रसायन विकायला एका समाजाची हकालपट्टी वापरली. ही चित्रे 'तेव्हाचे लोक तसेच होते' म्हणून सोडून देऊ नयेत, कारण ज्यांची चित्रे काढली ते लोकही तेव्हाच होते आणि त्यांना ती दिसत होती. फाडू नका, भिंतीवर लावू नका, सजावटीची नक्कल म्हणून विकू नका. नोंदीत चित्रात काय आहे ते स्पष्ट शब्दांत लिहा आणि बाकी संचाबरोबरच ठेवा. ती काढून टाकली तर उरलेला डबा त्या काळाबद्दल खोटे बोलेल.

खरे-खोटे ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. कार्डावरच्या मुलाच्या गालावर धरा. शिळाछापात लाल, पिवळे, निळसर ठिपके वेगवेगळ्या आकाराचे, दाट-विरळ, हाताने टाकल्यासारखे दिसतील आणि कडेला एखादा रंग किंचित सरकलेला असेल. आजच्या नकलेत ठिपके एकसारखे, जाळीत बसवलेले, छोट्या फुलांच्या आकृतीत दिसतात. दुसरी खूण उठावाची: पुढे उंच तर मागे खोल. नकलेत बऱ्याचदा उठावाची फक्त सावली छापलेली असते. तिसरी, नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरा. १९५० च्या सुमारानंतर कागदात उजळ करणारी रसायने येऊ लागली, तो कागद निळसर पांढरा चमकतो. शंभर वर्षांपूर्वीचा मंदच राहतो.

हेच भिंग घरात एखादे जुने रविवर्मा छापाचे चित्र असेल तर त्यावरही धरून बघा. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला, आणि यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. १९०३ मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेल्यावर देवादिकांच्या चित्रांबरोबर लेबले आणि जाहिरातींच्या कॅलेंडरांचे काम वाढले. बर्लिनच्या कारागिराची टर्की आणि मळवलीची लक्ष्मी एकाच पद्धतीच्या ठिपक्यांनी उभी आहे. आपले चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनी मुंबईतल्या माणसांची थोडी मिश्कील पोस्टकार्डे याच दशकात केली. तशी कार्डे पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत अजून मिळतात, तुमच्या घरचीही ट्रंक एकदा पाहा.

किमतीबद्दल सरळ सांगतो. फुले, चर्च, बर्फातले घर, 'मेरी ख्रिसमस' अशी कार्डे कोट्यवधी छापली गेली आणि लोकांनी जपलीही, त्यामुळे त्यांना फारसा भाव नाही. विंशची हॅलोविन, मताधिकाराची, क्राम्पुस, रंगीबेरंगी झग्यांतले सांता, मार्टिनची फोटोकार्डे यांना मागणी असते. कोपरा दुमडला, पाठीला अल्बमचा गोंद लागला की किंमत घसरते. विकायचे असेल तर एखाद्या संकेतस्थळावर मागितलेल्या किमती पाहू नका, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती पाहा. माझे मत विचाराल तर सगळी कार्डे एकाच कुटुंबाच्या पत्त्यावर आलेली असतील, तर संच फोडू नका. एका घरी दहा वर्षे आलेली टपाल ही सुट्या कार्डांपेक्षा अभ्यासाला कितीतरी मोलाची. मागचे मजकूर टाइप करून ठेवा. मात्र नावे-पत्ते समाजमाध्यमांवर टाकण्याआधी विचार करा, नातवंडे हयात असू शकतात.

आता पावसाळा. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही. चिकटपट्टी नको. चिकट पानांचे फोटो अल्बम नकोत. स्टेशनरीच्या दुकानातले उग्र वासाचे मऊ प्लास्टिक पीव्हीसीचे असते, ते शाई ओढून घेते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटे मागा. चकाकी असलेल्या, चिकट पृष्ठभागाच्या कार्डांना कोंदट हवेत प्लास्टिक चिकटते, त्यांच्यामध्ये आम्लरहित कागद घाला. मासिकांची पाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतः तपकिरी होतो आणि शेजारच्या कार्डावरही डाग उतरवतो. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. डबा लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून वर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या दर पंधरवड्याला बदला. महिन्यातून एकदा उघडून कसर लागली आहे का ते पाहा. बुरशीचा पांढरा ठिपका दिसलाच तर पुसू नका. ते कार्ड वेगळे काढा, सुक्या हवेशीर खोलीत दोन दिवस उघडे ठेवा आणि मग मऊ कोरड्या ब्रशने, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर झटका.